राहिलेले आभार

आईला अमेरिकेत बोलावलं नसतं, तर ती आणखी काही वर्षं जगली असती का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. त्यांनी शांतपणे मान हलवून नाही म्हटलं. मेंदूतली ती रक्तवाहिनी कुठेही फुटली असती, नागपुरातही. मी ते ऐकलं, समजून घेतलं, आणि तरी तो प्रश्न काही माझ्यातून गेला नाही. पुढे जे सांगतोय त्यात चमत्कार कुठे आहे, असं कोणी विचारलं तर मला बोट ठेवून दाखवता येणार नाही. आमच्या घरात चमत्कारांना थाराच नव्हता. वंदना होती, पंचशील होतं, आणि विचार करून वागावं ही शिकवण होती. त्यातली वंदना मी कॉलेजात गेल्यावर हळूहळू सोडली, एवढंच.

ही गोष्ट २००५ सालची. मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होतो. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आईनं शिलाई मशीन चालवून मला इंजिनियर केलं. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता ती माझ्याकडे आली. माझा रूममेट मंदार पुण्याचा. त्यानं आपली खोली आईला दिली आणि स्वतः हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागला. आईनं मायक्रोवेव्हवर बुद्धाची छोटी मूर्ती मांडली. संध्याकाळी ती वंदनेला बसायची आणि मला विचारायची, "बसतोस का रे बापा?" मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणायचो, "आई, डेडलाइन आहे." ती पुन्हा विचारत नसे. दुसऱ्या दिवशी मात्र विचारायची. आज वाटतं, एकदा तरी बसायला हवं होतं.

नोव्हेंबरात माझ्या प्रोफेसरांनी आईला आणि मला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलं. आईनं विचारलं, हा कसला सण? मंदार म्हणाला, "काकू, सगळे टर्की खातात, झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सेलला पळतात."

"कसं करतात ते सांगितलंस," आई म्हणाली. "काहून करतात ते सांग."

मंदारला आणि मलाही ते नीट माहीत नव्हतं. मग मी इंटरनेटवर वाचून तिला सांगितलं. काही शतकांपूर्वी जहाजातून लोक इथे आले. पहिल्या हिवाळ्यातच त्यांच्यातले निम्मे मेले. इथल्या मूळ रहिवाशांनी उरलेल्यांना मका पेरायला शिकवलं. पीक हाती आलं तेव्हा दोन्हीकडचे लोक एकत्र बसून जेवले. आपल्याकडे नवं धान्य घरात आल्यावर करतात, तसंच काहीसं. आईनं सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"अन् ज्यांनी मका शिकवला, त्यांचं पुढं काय झालं?"

मी सांगितलं. जमिनी गेल्या, माणसं गेली. आजही त्यांच्यातले काही लोक या दिवशी शोक पाळतात. आई बराच वेळ हातातली मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग त्यांचे आभार राहिलेच म्हणायचे." आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, "ज्ञान झाल्यावर भगवंतानं पहिलं काय केलं? ज्या झाडानं सावली दिली, त्याच्याकडे पापणी न हलवता पाहत राहिले. झाड काही मागत नाही. तरी पाहत राहिले." मंदारनं माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. माझं ते हसणं कौतुकाचं होतं, पण खरं सांगायचं तर त्यात थोडी सवलतही होती. शिकलेला मुलगा अडाणी आईला देतो तशी.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळी ती प्रोफेसरांकडे न्यायला शेवयांची खीर करत होती. मंदार बहिणीकडे न्यू जर्सीला गेला होता. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी शर्टाला इस्त्री करत असताना किचनमधून भांडं पडल्याचा आवाज आला. आई खाली बसली होती. तोंड एका बाजूला वळलं होतं, आणि ती मला काही सांगायचा प्रयत्न करत होती. मी फोन केला, अॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात स्कॅन झाला. डॉक्टरांनी मला एका छोट्या खोलीत बसवून सांगितलं की रक्तस्राव खूप मोठा आहे, ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. "तिच्याजवळ बसा," ते म्हणाले. "बोला तिच्याशी. कदाचित ऐकू येत असेल."

मंदारला फोन केला. "यार, मी लगेच निघतो," तो म्हणाला, पण रस्ते बंद होत होते. बाकी सगळे मित्र गावाबाहेर होते. कॅम्पस ओस पडलं होतं. मी आईच्या कॉटशी बसलो. मराठीत काय बोलावं ते सुचेना. आपण आईला धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं तर तिला ते परकं वाटेल, लागेल. सगळं आयुष्य तो शब्द आमच्यात कधी आलाच नव्हता, आणि आता तो आणायचा कसा? मग तिला आवडेल ते म्हणावं म्हणून मी त्रिसरण सुरू केलं. ते आलं. पंचशील आलं. पुढची बुद्धवंदना सुरू केली, आणि दुसऱ्या ओळीशी शब्द निसटले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो. लहानपणी पाठ असलेलं, झोपेतही म्हणता येईल असं ते. आईचे डोळे अर्धवट उघडे होते. ती वाट पाहत होती, असं मला वाटलं. माझा आवाज थांबला.

तेवढ्यात मागून कोणीतरी पुढची ओळ म्हटली.

वळून पाहिलं तर दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या बारीक केसांच्या, अंगात मुलीचं असावं असं मोठं जाकीट. उच्चार वेगळे होते, आपल्या ‘बुद्धं’चं त्यांच्या तोंडी ‘पुत्थं’ होत होतं, चालही निराळी होती. पण शब्द तेच. त्या आत आल्या, माझ्याकडे न पाहता आईजवळ उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणत राहिल्या. मी त्यांच्या मागून म्हणू लागलो. आईचे ओठ हलले. मग तिचा डावा हात, जो अजून तिचा होता, पांघरुणातून वर आला आणि छातीजवळ उभा थांबला. उजवा हात निर्जीव पडला होता. त्या बाईंनी आपला तळवा पुढे केला आणि आईच्या तळव्याला लावला. दोन बायकांचे दोन हात मिळून जोडले गेले. वंदना संपेपर्यंत ते तसेच होते.

तो हात माझा असायला हवा होता. मी अगदी शेजारी बसलो होतो, आणि मला ते सुचलं नाही.

त्यांचं नाव सोखा. त्या कंबोडियाच्या, राहायला फिलाडेल्फियात. मुलगी इथे युनिव्हर्सिटीत नोकरीला, म्हणून सणासाठी आल्या होत्या, आणि नवऱ्याला न्यूमोनिया होऊन ते शेजारच्याच खोलीत होते. दुपारी त्यांनी मला डब्यातली भाताची पेज दिली. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आम्ही या देशात आलो, पहिल्या वर्षी शेजारीण आली, या दिवसाची गोष्ट सांगितली. बोट, हिवाळा, अर्धे लोक मेले. मी म्हटलं, ही गोष्ट मला माहीत आहे." आणि माझ्या पुढ्यात चमचा सरकवला. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणायला लागलो होतो.

आई शनिवारी सकाळी गेली. मंदार तोपर्यंत पोचला होता. सोखामावशींच्या मुलीनं फोन केले आणि त्यांच्या विहारातले एक वृद्ध भंते बर्फातून गाडीनं आले. ज्या गावात आपली माणसं मिळणं कठीण, तिथे आईला तिच्या शब्दांत निरोप मिळाला. ज्यांनी तो दिला त्यांच्यातला एकही जण तिच्या भाषेतला नव्हता. अस्थी घेऊन मी नागपूरला गेलो. महिनाभर तिथे राहून, मामीकडून सगळी वंदना पुन्हा पाठ करून परतलो.

वसंतात फिलाडेल्फियाला मावशींकडे गेलो. आभार मानायचे होते. आईला जे म्हणता आलं नाही ते निदान यांना म्हणावं, म्हणून बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. पण बोलायला लागल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि सुट्टीला घरी आलेल्या मुलीला बोलावून आपल्या भाषेत सांगू लागल्या. मुलगी भाषांतर करत होती.

"माझी आई सक्तीच्या मजुरीत शेतावर मेली. उपासमारीनं. आमच्या देशातल्या त्या राजवटीत देवाचं, धर्माचं काही म्हणायची बंदी होती. कोणी ऐकलं तर मारत. मी तिच्याजवळ होते आणि तोंड मिटून होते. मनातसुद्धा म्हणायची भीती वाटत होती. त्या दिवशी तुझ्या आईच्या खोलीतून ते शब्द ऐकू आले, ते मध्येच तुटले, आणि माझे पाय आपोआप आत आले. तुझ्यासाठी नाही आले मी. तुझ्या आईनं मला म्हणू दिलं."

त्या घरात बसून शरण जाणं म्हणजे काय, ते मला थोडंसं उमगलं. आपण अपुरे पडलो हे कबूल करायचं, आणि ते अपुरेपण कोणी आपल्या हातानं भरून काढत असेल तर काढू द्यायचं. ते कोणी पाठवलं, कसं जुळून आलं, हे विचारण्याचा माझा हट्ट संपला आहे. खंत मात्र संपलेली नाही. कित्येक संध्याकाळी ती मला बोलावत होती, आणि मी दोन पावलांवर असूनही गेलो नाही. ही खंत मी टाकून देत नाही. तिच्यामुळेच मी आता रोज बसतो, आणि बसलो की कृतज्ञता आपली येते. दोघी एकाच चटईवर बसतात.

निघताना मी मावशींना त्यांच्या आईचं नाव विचारलं. म्हटलं, उद्यापासून वंदनेत माझ्या आईबरोबर त्यांचंही नाव घेईन. त्यांनी ते नाव उच्चारलं, आधी हळू, मग पुन्हा एकदा मोठ्यानं. मुलगी चहाचे कप घेऊन आत चालली होती, ती तशीच उभी राहिली. आजीचं नाव तिनंही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं होतं.