गाडीला हीव भरतंय

पालघरच्या किनाऱ्यावर थंडीनं गाडी बंद पडते असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. एका माणसाला काढलंही. ती माझी बायको होती.

मी तारापूरच्या एमआयडीसीत, एका कापड कारखान्यात, एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायचो. साहेब लोक कागद चाळत बसायचे आणि मी कान लावून सांगायचो, अमका व्हॉल्व्ह बघा. तोच निघायचा. त्या गोष्टीचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? घरातसुद्धा नळ, मिक्सर, पंखा, कशालाच दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. गाडी तर माझी लाडकी. घेतली तेव्हाच जुनी होती, चोक ओढून सुरू करायची पेट्रोल गाडी. आमच्या चिंचणीत लोक तिला म्हातारी म्हणायचे. म्हणोत बापडे. म्हातारी कधी रस्त्यात बसली नव्हती.

मग हिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आलं. बोईसरच्या सेंटरवर मशीन मोजकी आणि पेशंट ढीगभर. आम्हाला सकाळी साडेसहाची पहिली पाळी मिळाली. चार तास मशीनवर काढायचे आणि साडेदहाला खाट रिकामी करायची, कारण पुढचा माणूस बाहेर बसलेलाच असायचा. तुम्ही उशिरा पोचलात तर तुमचाच वेळ कमी. आणि वेळ कमी म्हणजे अंगातलं पाणी अंगातच राहणार. तिथल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काका, पंधरा मिनिटंसुद्धा सोडू नका. मावशींचं हृदय आधीच नाजूक आहे."

मी म्हटलं, "दारात गाडी आहे, बाई. तुम्ही काळजीच सोडा."

ही दातिवऱ्याची, मच्छीमाराची लेक. मीठ बंद झालं, पाणी पेल्यानं मापून झालं, त्याचं तिनं काही मनावर घेतलं नाही. पण सुकट बंद झाल्यावर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, जसं काही मीच बंद केली. सुकटीचा पत्र्याचा डबा घासून माळ्यावर ठेवून दिला आणि म्हणाली, "आता तुमी पन खायाची नाय माज्यासमोर." मी तिच्यामागेही खाल्ली नाही. तिचं एवढं एकच मी ऐकलं असेन.

दिवाळीपर्यंत आम्ही एकदाही उशिरा पोचलो नाही. मग डिसेंबर आला आणि त्या साली आमच्याकडे कधी नव्हे ती थंडी पडली. पहाटे धुकं इतकं, की खाडीकडच्या रस्त्याला लागलं की पुढचं झाडही दिसायचं नाही. पावणेसहाला घरातून निघायचं, गाडी एका हाकेत सुरू व्हायची, पाच-सहा किलोमीटर सुरेख पळायची, आणि नेमकी खाडीजवळच्या मोकळ्या रस्त्यावर दम सोडायची. दोन आचके द्यायची आणि बंद. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. बरं, दहा मिनिटं उभं राहिलं की एकदम सुरू, जसं काही झालंच नव्हतं!

पहिल्या दिवशी वाटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला. दुसऱ्या वेळी प्लग बदलले, मग पॉइंट घासले, कंडेन्सर, कॉइल, सगळं नवं घातलं. पेट्रोल पंप खोलून त्याचा पडदा बदलला. बोईसरच्या मेकॅनिककडे दोनदा नेली. दुपारी बाराच्या उन्हात तो गाडी हायवेपर्यंत फिरवून आणायचा आणि हात पुसत म्हणायचा, "चाचा, गाडी तो मक्खन है." पहाटे खाडीवर ये म्हणावं, मग दाखवतो तुझं मक्खन!

रस्त्यात गाडी थांबली की मी बॉनेट उघडून टॉर्च तोंडात धरायचो आणि प्लगपासून सुरुवात करायचो. घाईत हात भाजायचे. ही आत शालीत गुंडाळून बसलेली असायची. सुजलेल्या पायात चप्पल मावायची नाही, म्हणून मी तिला माझे मोजे घालायचो. ती काच खाली करून शांतपणे बघत बसायची. मी मात्र गाडीला, मेकॅनिकला, सगळ्या जगाला शिव्या घालत असायचो.

असंच एकदा ती म्हणाली, "अवो, हिला हीव भरतंय."

"कुणाला?"

"गाडीला. धुक्यातच थांबते बगा. उन्हात कदी थांबली का? आमच्या बोटीचं इंजिन असंच करायचं थंडीत. मग बाबा चिंधीचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचा. ऊन हवा आत गेली का लगेच उठायचं."

मी हसलो. हसलो कसला, ओरडलो. "ते डिझेल इंजिन, हे पेट्रोल. इथं बोळा पेटवला तर दोघं एकदमच वर जाऊ. तुझ्या बापाची बोट आहे का ही?"

"नाय तर नाय," ती म्हणाली आणि काच वर केली.

कर्म माझं. त्या धुक्यात मला एकाच माणसानं नेमकं सांगितलं होतं, आणि मी त्याच्याच बापावर गेलो.

नंतर ती एवढंच म्हणायची की शेजारच्या रिक्षावाल्याला सांगू या. तो भला माणूस स्वतःहून दोनदा विचारून गेला होता. मी म्हणायचो, दोन्ही बाजूंनी वारा लागेल तुला, हाडं खिळखिळी होतील. हे खरंही होतं. पण त्याहून खरं हे होतं, की जन्मभर कान लावून बॉयलरचं दुखणं सांगणाऱ्याच्या दारात गाडी असताना बायको रिक्षानं जाणार, हे मला सोसवत नव्हतं. मला दोष सापडायला हवा होता. मलाच.

जानेवारीतल्या त्या सकाळी गाडी दोनदा थांबली. दोन्ही वेळा मी सगळं खोलत बसलो, त्यात दीड तास गेला. हिला धाप लागत होती, पाठ सीटला टेकवता येत नव्हती. तरी मला म्हणाली, "तुमी भायेर उभे राऊ नका, सर्दी होईल." आम्ही पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. नर्सबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मशीनवर तीन तासही मिळाले नाहीत. त्या आधीच्या खेपेलाही तेच झालं होतं. बाईंनी परवाच्या पाळीत जास्त वेळ मिळतो का ते बघते म्हटलं.

परवा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला श्वास घेता येईना. मी गाडीची किल्ली उचलली, तर तिनं माझा हात धरला आणि मानेनंच नाही म्हटलं. शेवटी रिक्षाच बोलावली. बोईसरचा नाका येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर होती, आणि नाक्यानंतर नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदयच दमलं होतं, गाडीचं मनाला लावून घेऊ नका. त्यांचं ते कामच आहे असं बोलणं. मी मात्र खेपांची बेरीज करत बसायचो. तिची किती मिनिटं त्या खाडीवर गेली असतील? गाडी वर्षभर झाकून ठेवली. विकायचा जीव झाला नाही, चालवायचाही झाला नाही.

तिचं वर्षश्राद्ध माहेरच्यांनी दातिवऱ्याला करायचं ठरवलं. मी आदल्या दिवशी बॅटरी चार्ज केली, ताजं पेट्रोल घातलं आणि पहाटेच गाडी घेऊन निघालो. तेच धुकं, तोच रस्ता. आणि खाडीजवळ म्हातारीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

ह्या वेळी मला कसलीच घाई नव्हती. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं. टॉर्च नाही, पाना नाही, नुसता उभा राहिलो. इंजिन तापलेलं होतं, वाफा येत होत्या. आणि त्या सगळ्या उबेत हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर पांढरा दिसत होता. मी बोट लावलं आणि झटक्यानं मागे घेतलं. बर्फ! पालघर जिल्ह्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या गाडीच्या नरड्यात बर्फ धरला होता. धुक्याची ओली गार हवा आत जायची, पेट्रोलनं आणखी गार व्हायची आणि आत गोठून बसायची. इंजिनाचा श्वास बंद. दहा मिनिटं उभं राहिलं की इंजिनाच्याच उबेनं बर्फ वितळायचा, पाणी व्हायचं, आणि गाडी पुन्हा शहाणी. प्लग तपासणाऱ्याला तो कुठून दिसणार?

तिथंच मला तो पाईप आठवला. चंदेरी, घड्याघड्यांचा, हातभर लांब. सायलेन्सरच्या नळीजवळची गरम हवा ओढून कार्बुरेटरला देणारा. गाडी घेतली त्याच उन्हाळ्यात मी तो उपटून काढला होता. आमच्याकडे सगळेच काढतात. मेकॅनिकच काढायला सांगतात, इथं काय काश्मीर आहे का? त्या वेळी मीही हेच म्हणालो होतो. आणि हा मी कोण? बॉयलरला हवा तापवून द्यायची असते, गार हवेनं आग मरते, हे एकतीस वर्षं नव्या लोकांना शिकवणारा शहाणा! तिचा बाप शाळेत गेला नव्हता, तरी त्याला ते ठाऊक होतं.

मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. मोठ्यानं रडलो. धुक्यात कोण बघणार होतं?

श्राद्धाला पोचायला उशीर झाला. घरी आल्यावर मी माळ्यावर चढलो. पाईप टाकून दिला असणार असंच वाटत होतं, पण ही काहीही टाकायची नाही. ट्रंका उपसल्या, गोणी उपसल्या, शेवटी तो सुकटीचा डबा उघडला. पाईप आत होता. डबा रिकामा झाल्यावर तिनं तो त्यात हलवला असणार. तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पाईप काढला तेव्हा तिनं विचारलं असेलही, हे टाकू का ठेवू? मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. घासलेल्या डब्यालाही सुकटीचा वास येत होता, पाईपलाही लागला होता.

पाईप बसवायला दहा मिनिटं लागली. दोन क्लिपा, एक स्क्रू ड्रायव्हर, बस.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. चहा घेतला नाही. पावणेसहाला चोक ओढला आणि निघालो. का निघालो ते विचारू नका. धुकं आदल्या दिवसाइतकंच होतं. खाडीचा रस्ता आला तसा मी काच खाली केली आणि कान लावला. गाडी एकसारखी चालत राहिली. जिथं ही शालीत बसून राहायची ती जागा आली आणि मागे गेली. एक आचका नाही. मी मनातून विनवत होतो, बंद पड, एकदा तरी बंद पड. ती पडली नाही.

सेंटरच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नर्सबाई नुकत्याच कुलूप काढत होत्या. त्यांनी गाडी ओळखली, जवळ आल्या, वाकून आत पाहिलं. बाजूच्या सीटवर हिची शाल होती. ती मी वर्षभर तिथून काढली नव्हती.

"काका?" त्या म्हणाल्या. "आज इकडं कसे?"

मला गाडी बंद करता येईना. हात किल्लीवरच राहिला.

"आज वेळेवर आलो, बाई," मी म्हटलं.