जीपच्या मधल्या बाकावर

“ए पोरी, तू मागं लटक. मधी घागरी हायत, शिवशील.”

जीपचा ड्रायव्हर माझ्याकडे न बघताच म्हणाला. आम्ही बौद्ध, हे फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मधला बाक रिकामा होता. बाकाखाली अडत्याच्या बायकोच्या दोन घागरी.

नातवंडांनो, लातूर जिल्हा नुकताच झाला होता, आणि दुष्काळ होता. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. सकाळची एसटी फाट्यावर यायची बंद झालेली. उदगीरच्या कॉलेजला जायला ही एकच जीप. उदगीरात नळ कोरडे, म्हणून ती अडत्याची बायको आपल्या शेतातल्या विहिरीचं पाणी रोज जीपने उदगीरला घरी नेई. आणि मी रोज मागच्या पायरीवर लोंबकळत जाई. आदल्या दिवशीच खड्ड्यात माझा एक हात सुटला होता. पायाखालून पळणारी खडी दिसली होती.

त्या सकाळी बी.ए.चा इंग्रजीचा पेपर होता. मी आत चढले. मधल्या बाकावर बसले.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. “उतर. न्हाईतर गाडी हलत न्हाई.”

“उतर की माय,” एक म्हातारा म्हणाला. “तुझ्यापायी माझी कोर्टाची तारीख बुडंल.”

“कशी उतरंल? नव्या जिल्ह्याची कलेक्टरीण हाय ती!” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. उतरले तर पेपर बुडणार. न उतरले तर ही माणसं काय करतील? एकाने माझा दंड धरला. मी बाकाची लोखंडी कड पकडली.

“मी उतरणार नाही.”

आवाज फाटला. पण निघाला.

माझा पदर घागरीला लागला होता. पुढे बसलेली अडत्याची बायको उठली. तिने दोन्ही घागरी रस्त्यावर उपड्या केल्या. अशा दुष्काळात. बघता बघता मातीने पाणी पिऊन टाकलं. कुणी हसलं नाही. माझ्या दंडावरचा हात सुटला. विटाळायला आता काही उरलंच नव्हतं. ड्रायव्हरने चावी फिरवली.

“संध्याकाळी ह्याच गाडीनं यायचंय तुला,” तो म्हणाला.

पेपर लिहिताना तेच वाक्य कानात. हाताच्या घामाने शाई पसरत होती.

संध्याकाळी उदगीरच्या बाजारात जीपला टेकून ड्रायव्हर उभा होता, सोबत आणखी दोघं. माझे पाय मागे वळत होते. मी चढले आणि त्याच बाकावर बसले. तिघंही बघत राहिले. मला खाली काढायचं तर भर बाजारात, सगळ्यांदेखत ओढून काढावं लागेल. आपल्या पायांनी मी आता उतरणार नव्हते.