सत्त्याऐंशी नंबरचा मेसेज

उगवणमामांनी कधी कुठल्या गोष्टीला शंभरपैकी शंभर दिले नाहीत. माझ्या लग्नातल्या जेवणाला त्यांनी एक्क्याण्णव दिले होते आणि ते एक्क्याण्णव मी वर्षभर लोकांना सांगत फिरलो. साहेबांच्या नव्या गाडीला त्यांनी अठ्ठ्याहत्तर दिले, तेही साहेबांच्या तोंडावर. नवा पिक्चर असो, कुणाचा जावई असो की कँटीनचा चहा, मामांचा प्रश्न एकच : "शंभरातले किती?" उत्तर देणारा अडखळला की ते खूश व्हायचे. "बघा, मोजलंच न्हाई तुमी. नुस्तं चांगलं चांगलं म्हणून राहिलात."

आमची बियाण्यांची कंपनी. कचेरी नांदेडला आणि गोदाम मुदखेडच्या रस्त्याला. बी उगवतं की नाही हे बघणं मामांचं काम, म्हणून ते उगवणमामा. हजेरीपटावर त्यांचं काहीतरी दुसरं नाव होतं, पण पगाराच्या दिवशीसुद्धा त्या नावानं हाक मारली तर ते ओ देत नसत. शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे, पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. सोयाबीन सत्तरच्या खाली भरलं की तो सगळा लॉट नापास.

आठव्या दिवसानंतर जो दाणा उगवतो तो मोजायचा नाही, असा नियम आहे. बाकीच्या ठिकाणी असले उशिराचे कोंब कचऱ्यात जातात. मामा ते ओल्या फडक्यात घेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी जायचे आणि बोटानं माती उकरून एकेक लावायचे. मी एकदा विचारलं, की नापास मालाचे एवढे लाड कशाला? तर म्हणाले, "मोजणीत न्हाई बसत त्ये. पर जीव हाय की त्येला." आमच्या भिंतीलगत दर पावसाळ्यात जी वेडीवाकडी रांग उगवायची, ती सगळी असली उशिराची मंडळी.

वरचा माल त्यांना कधी पटला नाही. पोत्यात टोकदार नळी खुपसून ते नेहमी तळातला दाणा काढत. हॉटेलात भजी मागवली तर परातीतल्या खालच्या मागायचे. आणि कागदावरच्या उगवणीवरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. प्रत्येक लॉटचे शंभर दाणे ते देवणीजवळच्या आपल्या गावी न्यायचे, अंगणात घमेल्यातल्या साध्या मातीत पेरायचे आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर डालगं पालथं घालायचे. "शेतकरी काय कागदात पेरतोय का?" असा त्यांचा सवाल. मातीतला मामांचा आकडा लेखी आल्याशिवाय गाडी हलायची नाही, हे आमच्याकडं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं.

त्या वर्षी साहेबांच्या मनात बटनांचा फोन भरला. आता असले फोन कुणी ओळखणारही नाही. अर्ध्या अंगावर छोटा पडदा, अर्ध्यावर सगळी एबीसीडी, आणि ईमेल, मेसेज, सगळं खिशात. फिरतीवरच्या तीस माणसांना ते द्यायचे होते. हैदराबादच्या विक्रेत्यानं पारखायला दोन नग धाडले. पंधरा दिवसांत अहवाल द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण कचेरीतला कॉम्प्युटर मी बघायचो. नोकरीत मी अजून कच्चा होतो. पर्मनंटचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीला पडलेलं होतं, आणि घरी बायको गरोदर. अहवाल चांगला झाला की पत्रही सुटणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

फोन फिरतीच्या माणसाच्या हातात टिकतो का हे बघायचं म्हणून मी एक नग मामांना दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला नि परत माझ्या टेबलावर ठेवला. "ह्यो दाखवायचा नग हाय, कंप्युटर. वरचा माल. बंद खोक्यातला मागवा." ते मला कंप्युटरच म्हणायचे. विक्रेत्याला फोन करून मी खरोखरच दुसरी दोन खोकी मागवली. मग मामांनी पारखायची रीत ठरवली. शंभर मेसेज पाठवायचे, प्रत्येकाला नंबर. ते जातील तिथून पाठवणार, वहीत वेळ टाकणार. दुसरा फोन माझ्या टेबलावर. मेसेज आला की माझ्या वहीत मी वेळ टाकायची. उत्तर द्यायचं नाही. "एकानं पेरायचं, दुसऱ्यानं मोजायचं. पेरणाऱ्यानंच मोजलं की शंभर भरतंय."

मामांचा अंगठा चांगला सुपारीएवढा आणि फोनची बटनं तिळाएवढी. एका दाबात दोन अक्षरं उठायची. पहिले दोन दिवस नुसत्या शिव्या. मग एसटीत बसल्या बसल्या नखाची कड वापरायची युक्ती त्यांना सापडली आणि मेसेज झरझर यायला लागले. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पण बोली देवणीची. "नऊ. मुदखेड फलाट. गाडी न्हाई, मेसेज हाय." "एकवीस. माहूर गडावर. पोचला तर देवीची किरपा." तिसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मेसेजाशेजारी बारीक खूण उमटती, ती कशाची?" मी ऐटीत सांगितलं, "ती पोहोचल्याची पावती, मामा. समोरच्या फोनमध्ये मेसेज पडला की उमटते." ते मान डोलावत "हाव" म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

शहाऐंशी मेसेज गेले, शहाऐंशी पोहोचले. मला अहवाल दिसत होता, पत्र दिसत होतं.

मृग चार दिवसांवर आला होता. सोयाबीनचा एक लॉट गोदामात बांधून तयार होता, उदगीर आणि देवणीकडच्या दुकानांसाठी. कागदावर तो चौऱ्याहत्तर भरला होता, म्हणजे काठावर पास. मातीतला आकडा घ्यायला मामा गावी गेले होते, तो यायचा राहिला होता आणि साहेब आदल्या दिवसापासून गोदामाला फोन करत होते, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या उदगीरला लागल्या होत्या. पावणेआठला माझ्या टेबलावरचा फोन थरथरला. "सत्त्याऐंशी. मातीत शंभरातले बावन्न. गाडी सोडू नका."

मी तो साहेबांना नेऊन दाखवला. त्यांनी तो वाचला, फोन माझ्या हातात परत दिला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "कागदावर माल पास आहे. कायद्यानं गाडी सोडायला मी मोकळा आहे. फक्त मामांचा आकडा आला तर थांबावं लागेल." मग म्हणाले, "तो आलेला नाही. नवं यंत्र आहे, एखादा मेसेज जातो कुठंतरी." टेबलावर माझं पत्र होतं. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं नाही, पण ते सरळ करून पेपरवेटखाली ठेवलं.

मला कुणी धरून बांधून ठेवलं नव्हतं. मी माझ्या पायांनी जागेवर आलो, माझ्या बोटानं तो मेसेज पुसला, आणि वहीत सत्त्याऐंशीसमोरची जागा कोरी सोडली. दुपारी बाराला गाड्या हलल्या. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा देवणीहून एसटीनं आले. आधी गोदामावर जाऊन आले असणार, कारण टॉवेलनं घाम न पुसताच ते माझ्यासमोर उभे राहिले. "गाडी गेली?"

"गेली, मामा."

"अन् सत्त्याऐंशी नंबर?"

"नाही आला."

त्यांनी खिशातून फोन काढला, नखाच्या कडेनं बटन दाबत पडदा वर नेला आणि बघत राहिले. तेव्हा मला ती बारीक खूण आठवली. मीच ऐटीत सांगितलेली. आता ते फोन माझ्यासमोर धरतील, कचेरीतल्या सगळ्यांना बोलावतील, असं वाटलं. मामांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्या उघड्या वहीवर बोट टेकवलं. "मग कोरं नका सोडू. वहीत लिवा. न्हाई आला म्हणून."

मी लिहिलं. त्यांच्यादेखत. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

ते साहेबांकडं गेले नाहीत. तिथूनच उदगीरच्या गाडीला लागले. आणि तीन-चार तासांनी माझ्या टेबलावरचा फोन थरथरला. मामांनी पारख थांबवली नव्हती. "अठ्ठ्याऐंशी. उदगीर. दुकानदारानं ऐकलं. पोती परत." मी वेळ टाकली. "नव्वद. देवणी. दुकान बंद. दारात उभा हाय." मी वेळ टाकली. "त्र्याण्णव. मालक आला. पोती परत." साहेब दोनदा येऊन माझ्या मागं उभे राहिले, पण त्या दुकानदारांनी वीस वर्षं मामांच्या शब्दावर माल घेतला होता, तिथं साहेबांचं काय चालणार! "शहाण्णव. तिसरं दुकान, पुढचं गाव. चोवीस पिशव्या इकल्या. कुणाला त्ये इचारून राहिलो." मग तो सगळा दिवस काही नाही. फोन पालथा घालून ठेवावा असं वाटायचं आणि मी तो दर पाच मिनिटांनी उचलून बघायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते शेवटचे. "अठ्ठ्याण्णव. सोळा पिशव्या घरात सापडल्या." "नव्व्याण्णव. आठ पेरल्या." "शंभर. संपलं."

आठ पिशव्यांचं रान त्या वर्षी विरळ उगवलं. कुणाला दुबार पेरावं लागलं, कुणी तसंच सोडलं. त्या घरांची नावं मला माहीत नाहीत. मी विचारली नाहीत.

सोमवारी साहेबांनी मामांना आत बोलावून दार लावलं. दहा मिनिटांनी मामा बाहेर आले ते नोकरीचा हिशेब करूनच. कपाटातून आपली टोकदार नळी घेतली, फोन खोक्यात घालून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर घडी घातलेला एक कागद. "तुमचा अहवाल, कंप्युटर. पारख पुरी झाली." खांद्यावर टॉवेल टाकून निघाले. जाताना भिंतीपाशी थांबून फडक्यातलं काहीतरी मातीत लावताना मी त्यांना खिडकीतून बघितलं. खाली उतरायचं धाडस झालं नाही.

कागद उघडला. मोजक्या ओळी होत्या. "बटनं लहान. जाड बोटाला तरास. चार्जिंग दोन दिस. पाण्याचं भ्या. पाठवले शंभर. पोचले शंभर. शंभरातले शंभर. यंत्र पास." खाली दोन सह्यांची जागा आखली होती. "पाठवणारा" इथं त्यांची सही होती. "मोजणारा" ही जागा माझ्यासाठी कोरी.

उभ्या आयुष्यात त्यांनी शंभर दिले ते त्या फोनला. खोटं बोललेल्या माणसाला ते एक शब्द बोलले नाहीत. यंत्राचा जो मार्क मी कापला होता तेवढा फक्त परत जोडला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी काय केलं? दार लावून दुसरा अहवाल टाईप केला. पोहोचले नव्व्याण्णव, यंत्र घेण्यास हरकत नाही. त्यावर मोठ्या ऐटदार अक्षरात सही ठोकली. तीस फोन आले. माझं पत्रही आलं. बायकोनं पेढे वाटले आणि एक पेढा माझ्या तोंडात घातला.

ते बटनांचे फोन चार-पाच वर्षांत गेले. साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. आज त्या खुर्चीत मी बसतो, आणि फोन थरथरला की अजूनही आधी घड्याळात वेळ बघतो. मामांचा कागद वहीत तसाच होता. कितीतरी वेळा देवणीवरून गेलो. त्यांच्या गावाचा फाटा आला की ड्रायव्हरला म्हणायचो, सरळ चल. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या हिवाळ्यात मात्र फाट्यावर मी गाडी वळवायला सांगितली. मामा अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. मी नुसतं "मामा" म्हणालो, तर त्यांनी मान वळवली. "कंप्युटर का?"

मी बाजेच्या कडेला बसलो, कागद काढला आणि तो त्यांना वाचून दाखवला. मग गुडघ्यावर ठेवून "मोजणारा" या जागी सही केली. "सत्त्याऐंशी नंबर आला होता, मामा," मी म्हणालो. "पावणेआठला. मी वाचला होता."

त्यांनी कागद मागून घेतला. दिसत नव्हतं तरी सहीच्या ओल्या शाईवरून तो सुपारीएवढा अंगठा फिरवला. डालग्याखालच्या कोंबडीची कुरकूर तेवढी ऐकू येत होती.

"आठ दिस कवाच झाले की, लेकरा," ते म्हणाले. "मोजणीत न्हाई बसत आता."

"माहीत आहे, मामा."

त्यांनी कागदाची घडी घालून ती बंडीच्या खिशात ठेवली. मग चाचपडत माझं मनगट धरलं, त्याचा आधार घेऊन उभे राहिले आणि दाराकडं तोंड करून ओरडले, "अगं, एक ताट वाढीव घे. आपला कंप्युटर आलाय, जेवून जाणार हाय."