वासूनानांचं नाक आणि खिशातला फोन

वासूनानांचं खरं नाव वासुदेव नव्हतं. दुधाचा वास घेण्याचं काम करत म्हणून वासू, आणि केस पिकले म्हणून नाना. डेअरीच्या कागदांत त्यांच्या हुद्द्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, ते कोणी वापरत नसे. सगळे सरळ ‘नाक’ म्हणत. “नाकाला विचारलं का?” “थांबा, नाक जेवायला गेलंय.”

काम सोपं होतं. टँकर आला, दूध तापवून गार केलं, बाटल्यांत भरलं, की त्या खेपेतल्या काही बाटल्या त्यांच्या टेबलावर येत. ते झाकण काढत, डोळे मिटत, लांब श्वास घेत आणि मान हलवत. मान उभी हलली की बाटल्या गाडीत. आडवी हलली की सगळी खेप गटारात. नाकाने नाकारलेलं दूध कोणी तोंडाला लावायचं नाही, चहालासुद्धा नाही, तपासणीला पाठवण्याचं तर नावच नको, असा नियम होता. तो नानांनीच तरुणपणी घालून दिला होता, कारण तरुणपणी त्यांचं नाक खरोखरच तसं होतं.

आता ते गेलं होतं. आदल्या हिवाळ्यात ताप आला, उतरला. खोकला गेला, भूक परत आली, वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. नाही आला. साबण, कांदा, फिनेल, ओली चादर, सगळं नानांना सारखंच. हवा, नुसती हवा.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. बायकोला सांगितलं की ती भावाला सांगणार, आणि तिचा भाऊ म्हणजे डेअरीच्या टँकरचा ड्रायव्हर. त्याच्या कानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या चहाच्या टपऱ्यांना कळते. मग काय करायचं? नाना बाटलीतलं चमचाभर दूध गुपचूप आपल्या खोलीतल्या चहाच्या शेगडीवर उकळून बघत. फाटलं तर वाईट, नाही फाटलं तर चांगलं. मग बाहेर येऊन साग्रसंगीत वास घेत. लोकांना वाटे, नाना हल्ली वास घेण्याआधी खोलीत जाऊन ध्यान करतात. मोठ्या माणसाबद्दल लोक काहीही मानायला तयार असतात.

अशात मॅनेजरबाईंनी नवं लेबल आणलं.

लेबल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला. सगळे त्याला लेबलवाला म्हणू लागले. त्याने बाटली दाखवली. लेबलाला एक अरुंद जीभ होती, ती झाकणाखालून बाटलीत वळवलेली. दूध आंबायला लागलं की जिभेवरच्या ठिपक्याला ते कळतं. गिऱ्हाइकाने फोन लेबलाजवळ नेला की फोन थरथरतो. एकदा थरथरला तर दूध चांगलं, तीनदा थरथरला तर फेकून द्या. शिवाय पडद्यावर चित्रफीत लागते.

“चित्रफीत कसली?” मॅनेजरबाईंनी विचारलं.

“लोकांना माणसाचा चेहरा लागतो, मॅडम. तुमच्याकडे कोणी आहे का, ज्याच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल?”

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

नानांनी भर बैठकीत कडाडून विरोध केला. “बाटलीला जीभ चिकटवून चव कळत असती तर माणसाला तोंड कशाला हवं होतं?” म्हणाले. लोकांनी बाकं वाजवली. मॅनेजरबाई हसल्या आणि म्हणाल्या, “नाना, तुमची खुर्ची कोणी हलवत नाहीये. लेबल गिऱ्हाइकासाठी. डेअरीत शेवटचा शब्द तुमचाच.” मग चित्रीकरण झालं. चांगल्या दुधासाठी नानांनी वास घेऊन समाधानाने मान डोलवायची होती. वाईट दुधासाठी नाक मुरडायचं होतं. दुसऱ्या वेळी लेबलवाल्याने मुद्दाम खरंच नासलेलं दूध आणून दिलं, म्हणजे अभिनय नैसर्गिक होईल. नानांनी ते हुंगलं आणि प्रसन्नपणे मान डोलवली.

“नाना, हे वाईटवालं आहे,” लेबलवाला म्हणाला.

“माहीत आहे,” नाना म्हणाले. “तालीम करतोय.”

विभागप्रमुख म्हणून त्यांनाही एक फोन मिळाला. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी सवयीने बाटली छातीशी धरून वास घेत असताना खिशात एकदा गुर्र झालं. नाना दचकले. दुसरी बाटली धरली, पुन्हा एकदा गुर्र. चित्रीकरणातली नासलेल्या दुधाची लेबलवाली बाटली टेबलाखाली राहिली होती, ती धरली. गुर्र, गुर्र, गुर्र.

त्या दिवसापासून शेगडी चहापुरती उरली. आवाज बंद, चित्र बंद, फक्त थरथर चालू. नाना डोळे मिटत, बाटली हृदयाशी धरत, श्वास घेत आणि खिशाचं ऐकत. जेवणाच्या सुट्टीत लेबलाला शिव्या घालणं त्यांनी सोडलं नाही. उलट वाढवलं.

मग एका सकाळी एक प्रसंग घडला.

लेबलांची रीळं शीतखोलीत ठेवायची असत. त्या दिवशी रीळ बाहेर काढलं आणि त्यावर दव धरलं. लेबलं लावणारी बाई ओरडली, “नाना, ही बया चिकटतच नाहीये!” आता डेअरीत ओली झालेली कुठलीही वस्तू बॉयलरच्या गरम नळावर सुकत घालतात. टोप्या, हातमोजे, पायमोजे, पूर्वीची कागदी लेबलंसुद्धा. नानांनी सहज रीळ उचललं, नळावर ठेवलं, चहा पिऊन आले, रीळ छान कोरडं झालं होतं. बाईने लावायला घेतलं. चिकटलं. ती खूश, नाना खूश.

थोड्या वेळाने बाटल्या टेबलावर आल्या. नानांनी पहिली छातीशी धरली. गुर्र, गुर्र, गुर्र. दुसरी. तीच तऱ्हा. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. नानांनी नाक मुरडलं, बाटली लांब सरकवली आणि मान आडवी हलवली. काम चोख झालं म्हणून आणखी म्हणालेही, “आंबूस. चांगलंच आंबूस आहे.”

मॅनेजरबाई धावत आल्या. त्यांनी स्वतःचा फोन बाटलीला लावला. पडद्यावर नाना नाक मुरडताना दिसले. समोर खुर्चीतही नाना नाक मुरडून बसलेले. एका गुन्ह्याला दोन साक्षीदार, आणि दोघंही तेच.

“टँकर कोणी आणला?” बाईंनी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. मेव्हण्याने आणला होता. आणि गेल्या साली त्याने एकदा डिझेल वाचवायला टँकरचं गार करण्याचं यंत्र खरंच बंद ठेवलं होतं, पकडला गेला होता आणि ‘पुन्हा झालं तर घरी’ असं बाईंनी चारचौघांत सांगितलं होतं.

मेव्हणा अंगणातून आत आला, हात पुसत.

“मॅडम, शपथ घेऊन सांगतो, यंत्र चालू होतं. तापमानाचा काटा चारवर होता. फाटकावरच्या माणसाने बघितलाय.”

“फाटकावर चालू केलं असशील.”

“अहो, मी काय येडा आहे का? एकदा झाली चूक!” मग तो नानांकडे वळला. “दाजी, तुम्ही तरी नीट घ्या ना वास. परत घ्या. सर्दी नाही ना झाली?”

“नाकाला सर्दी?” कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

नानांनी परत बाटली उचलली. काहीतरी करायला हवं म्हणून. खिसा पुन्हा तीनदा गुरगुरला. त्यांनी बाटली खाली ठेवली.

“चाव्या,” मॅनेजरबाई म्हणाल्या.

मेव्हण्याने खिशातून चाव्या काढल्या. टेबलावर आपटल्या नाहीत, अगदी हळू ठेवल्या. त्यावरून नानांना कळलं की हा खरं बोलतोय. खोटं बोलताना तो आपटतो. लग्नापासून बघत आले होते.

बाईंनी खेप ओतायला सांगितली. लेबलवाला तिथेच होता. तो उत्साहाने म्हणाला, “मॅडम, बघितलंत? लेबल आणि नाना, शंभर टक्के जुळलं! फक्त उरलेलं रीळ मात्र लगेच शीतखोलीत ठेवा हं. ती जीभ तापली की बिघडते, मग तिला सगळंच आंबट लागतं.”

नाना खुर्चीत होते तसेच बसले. बॉयलरच्या नळावर कोणाचे तरी पायमोजे वाळत होते. त्यांच्याशेजारची रिळाएवढी जागा अजून रिकामी होती.

आता यात मेख अशी होती. ‘रीळ मी तापवलं’ एवढं म्हणून सुटण्यासारखं असतं, तर नाना तत्काळ म्हणाले असते. चूक कोणाच्याही हातून होते. पण रीळ बिघडलेलं असेल तर दूध चांगलं होतं. आणि दूध चांगलं होतं तर नानांच्या नाकाला कसला आंबूस वास आला? एक गोष्ट बोलली की दुसरी आपोआप बाहेर येणार. आणि दुसरी बाहेर आली की टेबल गेलं, खुर्ची गेली, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘नाकाला विचारा’ही गेलं.

बाहेर मेव्हणा टँकरमधून आपला डबा आणि टॉवेल काढून घेत होता. बाटल्या ओतायला सुरुवात झाली होती. नानांनी एक ओतू दिली, दुसरी ओतू दिली. क्रेटभर ओतून झाल्यावर ते उठले.

“थांबा,” म्हणाले. “दूध चांगलं आहे.”

मॅनेजरबाई वळल्या. “तुम्हीच तर आंबूस म्हणालात.”

“रीळ मी नळावर सुकवलं. लेबलं बिघडलीत.”

“बरं. पण वास?”

“वास मला येत नाही.”

“आज?”

“आज नाही, काल नाही. गेल्या हिवाळ्यापासून नाही.” त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. “याला येतो. हा थरथरतो, मी मान हलवतो.”

मग बाईंना दया आली आणि नेमकी त्यामुळेच पंचाईत झाली. “नाना,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “मेव्हण्यासाठी तुम्ही स्वतःवर घेताय. माणूस म्हणून मला कौतुक आहे. पण असं चालत नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा नानांनी खरं सांगितलं आणि कोणी मानेना. ते वैतागले. कोपऱ्यातली फिनेलची बाटली आणि क्रीमची वाटी मॅनेजरबाईंपुढे ठेवली आणि स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. “आता काहीही धरा नाकाखाली. चला, धरा.”

बाईंनी बूच काढून फिनेल धरलं. आजूबाजूचे लोक मागे सरकले. नानांनी लांब, सराईत श्वास घेतला, भुवईसुद्धा हलली नाही.

“क्रीम,” ते म्हणाले. “ताजं असावं.”

मग मात्र सगळ्यांना पटलं. बाईंनी ओतणं थांबवलं, न ओतलेल्यातली एक बाटली उघडली आणि नियम मोडून सगळ्यांसमोर पेलाभर दूध प्याल्या. थोडा वेळ थांबल्या. आणखी पेलाभर प्याल्या. लेबलवाला आपल्या टायकडे बघत राहिला.

“चाव्या उचल,” त्या गलक्याने केव्हाच आत आलेल्या मेव्हण्याला म्हणाल्या. नानांची खुर्ची कोणीतरी उचलून दुसरीकडे ठेवली. मग बाई म्हणाल्या, “खुर्ची गेली, नाना. ते तुम्हालाही कळतं. पण कामावरून काढत नाही. टँकरवर बसा. यंत्र चालू आहे की नाही, काटा कुठे आहे, ते बघत या. त्याला नाक लागत नाही.”

मेव्हणा आभार वगैरे मानायला आला नाही. तो चिडला होता, आणि चिडायला हक्कही होता. टँकरचं दार उघडून म्हणाला, “चला. दुसरी खेप आणायची आहे.”

“आत्ता?”

“मग काय, इथे बसून फिनेल हुंगणार?”

नाना चढले. चढायची सवय नव्हती, आधी चुकीचा पाय टाकला, मग बरोबर. फाटक मागे पडलं. बऱ्याच वेळाने मेव्हणा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “क्रेटभर दूध ओतून होईपर्यंत गप्प का बसलात, दाजी?”

नानांनी उत्तर शोधलं. खोटं एकही सुचेना. “खुर्ची,” ते म्हणाले.

मेव्हण्याने मान डोलवली. गाडी पुढच्या वळणाला लागली.

“ताईला तुम्ही सांगायचं,” तो म्हणाला. “मी नाही सांगणार.”

“तू? आणि नाही सांगणार?”

“जेवणापर्यंत नाही सांगणार. त्यानंतरचं मला सांगता येत नाही.” मग त्याने समोरच्या गोल काचेकडे बोट केलं. “काटा किती?”

नानांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. “चार.”

“नक्की?”

“पाचच्या जरा अलीकडे. चारच म्हण.”

“मी कशाला म्हणू? आता म्हणायचं काम तुमचं,” मेव्हणा म्हणाला आणि त्याने गाडीचा वेग वाढवला.