लगदेमास्तरांचा पिझ्झा

खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण नाटक कंपनीत ते कुणी कधी उच्चारलं नाही. सगळे त्यांना लगदेमास्तर म्हणत, कारण हा माणूस कागदाच्या लगद्यातून वाट्टेल ते घडवायचा. राजाचं शिरस्त्राण, शत्रूचं मुंडकं, भाजलेला अख्खा हंस, द्राक्षांनी ओसंडणारी परात! पडदा वर गेला की पहिल्या रांगेच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तर खलनायकानं अभिनयाच्या भरात सफरचंदाचा खराखुरा लचका तोडला आणि उरलेला अंक दाढेत कागद धरून निभावला.

त्यांची बायको त्याच नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसायची. गिऱ्हाईक खांबामागची खुर्ची मागू लागलं तर आधीच बजावायची, "ही घेऊ नका, नायिका अर्धीच दिसेल." असा सरळ कारभार. दोघं निवृत्त झाल्यावरही तिला घरात-दारात सगळे तिकीटबाईच म्हणत. मास्तरांचे हात मात्र स्वस्थ बसेनात. शाळांच्या नाटकांसाठी ते घरीच मुखवटे करू लागले. सकाळी स्वयंपाकघरात कागद चिकटवायची खळ शिजायची आणि दुपारी गॅलरीत वाघ, राक्षस, म्हातारे एका रांगेत वाळत बसायचे.

आणि मग तिकीटबाईंच्या पोटानं दगा दिला. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्यांना सोसत नाही. गहू, मैदा, रवा बंद. कणभरसुद्धा नको."

बाईंनी पाव सोडला, बिस्किटं सोडली, चहाबरोबरचा आवडता केकही सोडला. तरी दुखणं हटेना. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठून तरी पोटात जातंय, एवढं नक्की."

पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीनं त्याचा एकच अर्थ काढला.

"आई, खरं सांग. चोरून खातेस ना?"

"नाही गं."

"मग दुखतं कसं? हवा खाऊन?"

येता-जाता मुलगी डबे उघडून बघायची, जेवताना आईच्या ताटावर डोळा ठेवायची. मास्तरांनीही एकदा गंमत केली. "काय तिकीटबाई, मागच्या दारानं फुकट कुणाला सोडताय?" जावई खो-खो हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या आपलं ताट आतल्या खोलीत नेऊ लागल्या. "तुम्ही जेवा निवांत. माझी राखण नको कुणाला."

टेबलाशी ती रिकामी खुर्ची मास्तरांना खुपू लागली. चुकलंच आपलं, हे कळत होतं, पण तोंडानं म्हणायची हिंमत होईना. म्हणून त्यांनी ठरवलं, हातानं म्हणावं. रविवारी मुलगी-जावई यायचे होते. चौघांनी एकाच टेबलाशी बसून खावा असा, गव्हाचा कण नसलेला पिझ्झा करायचा.

रविवारी मुलगी-जावई येऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि मास्तर ओट्याशी उभे राहिले. जन्मात त्यांनी चहापलीकडे काही केलं नव्हतं. तांदळाचं पीठ, कुस्करलेले उकडलेले बटाटे, दही, बेकिंग पावडर, मीठ, थोडं तेल. मळायला घेतलं तर गोळा ताणला जाईना, लाटला जाईना, नुसता फुटायचा. मास्तर क्षणभर हिरमुसले. मग त्यांनी पाण्यात बोटं बुडवली, गोळा तव्यावर ठेवला आणि थापायला सुरुवात केली. चेहराच उजळला.

"अगं, हा तर लगदाच आहे!"

"मग आता नाक-डोळे काढू नका," बाई बाहेरून म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात तो जुना खट्याळपणा आला होता.

शेजारच्या शेगडीवर टोमॅटोची चटणी रटरटत होती. मास्तर लाकडी पळीनं ढवळत होते. गाठी होऊ नयेत म्हणून पळी तळाला टेकवून, मनगट न उचलता, गोल गोल. हात आपसूक फिरत होता. अगदी खळ ढवळताना फिरतो तसा.

हात थांबला.

त्यांनी पळी बाहेर काढून पाण्याखाली धरली. लाकडाला बारीक चीर होती आणि चिरेत पांढरी रेघ. नखानं खरवडली. खळ. म्हणजे मैदाच की! खळ रोज शिजायची, पळी रोज वरवर धुतली जायची, आणि त्याच पळीनं अधूनमधून बाईंची भाजी ढवळली जायची. खळ म्हणजे खाण्याची वस्तू हे आयुष्यात कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती सरस, रंग, तारा यांच्या कुळातली.

पळी कचऱ्यात टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. बाईंचं पोट आपोआप सुधारलं असतं. आणि मुलगी म्हणाली असती, "बघ, सोडलंस ना चोरून खाणं!"

हे वाक्य मनात उमटलं मात्र, मास्तरांनी दोन्ही शेगड्या बंद केल्या आणि पळी घेऊन ते बाहेरच्या खोलीत आले. शेकडो प्रयोगांत विंगेत उभा राहिलेला हा माणूस पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मधोमध उभा होता.

"तिच्या पोटात गहू मी घालत होतो," ते म्हणाले. चीर दाखवली. "ती खरं बोलत होती. पहिल्या दिवसापासून."

मुलगी आईकडे बघू लागली. जावयांनी पंख्याकडे नजर लावली.

बाईंनी पळी हातात घेतली, उजेडात धरली.

"मी फुकट सोडत होते म्हणे मागच्या दारानं," त्या म्हणाल्या, "आणि द्वारपाल कोण? तुम्ही!"

"शिक्षा सांग."

"शिक्षा कसली? भूक लागलीय मला. ते सगळं फेका आणि नवं करा. आधी नखं कापा."

मास्तर मुकाट्यानं नखं कापून आले, कोपरापर्यंत हात घासले. मुलीनं ओटा पुसला, पुन्हा बटाटे उकडले, तव्यावर कोरी फॉइल अंथरली. चमचा स्टीलचा. गोळा थापला, झाकण ठेवून एक बाजू भाजली, उलटली, वर चटणी आणि चीज घालून पुन्हा झाकण. मास्तर सिमला मिरचीची फुलं कातरू लागले तशा बाई ओरडल्या, "अहो, खायचंय ते! दहाव्या रांगेला नाही दाखवायचं!"

पिझ्झा एका बाजूनं करपला, मधोमध फुटला. चौघं टेबलाशी बसले. मुलीनं पहिला तुकडा आईच्या ताटात ठेवला आणि तिची नजर तिथेच खिळून राहिली.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"आई, मी..."

"कळलं. आता समोर बघून जेव. माझं ताट माझं मला बघू दे."

मुलीनं मान खाली घालून आपल्या तुकड्याला हात घातला. ती डोळे पुसत असतानाच आईनं दुसरा तुकडा उचलला.