एकवीस ठिपके

"चार होडी बघी आणि अख्ख्या किनाऱ्याची मासळी सांगी... इतक्या धीटपणान थापा मारणारो दुसरो कोण मिळूचो नाय."

पडवीत बाबलकाका बोलत होते. थोडे हसलेही, दुखवट्याच्या घरात हसावं इतपत. अनंतकाकांना जाऊन दहा दिवस झाले होते आणि मी आत कपबशा विसळत होते. बाबलकाका वाईट माणूस नाहीत. काकांचे शाळेपासूनचे सोबती, स्वतःची होडी असलेले. ही थट्टा त्यांनी काकांच्या तोंडावरही कितीदा केली असेल. पण तेव्हा उत्तर द्यायला काका असायचे. आता उत्तर देऊ शकेल असं घरात एकच माणूस उरलं होतं, निदान काका तसं सगळ्यांना सांगून गेले होते. ते माणूस म्हणजे मी. मी नळ जरा मोठा सोडला.

अनंतकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आचऱ्याच्या खाडीजवळ त्यांचं घर. नोकरी अशी, की मासळी जिथे उतरते त्या बंदरांवर सकाळी जायचं आणि किती उतरली त्याची नोंद करायची. सगळ्या होड्या बघणं एका माणसाला शक्य नसतं. साठ होड्या लागल्या तर काका सात-आठ बघायचे, त्यातल्या एकेका टोपलीतली मासळी मोजायचे आणि त्यावरून साऱ्या बंदराचा अंदाज वर कळवायचे. कुठली टोपली, हे ते होडीवाल्याला ठरवू द्यायचे नाहीत. होडीवाला सगळ्यात देखणी टोपली पुढे सरकवायचा, काका म्हणायचे, "ती र्‍हवांदे. मागची तिसरी काढ." यावरून बंदरावर त्यांची पुष्कळ चेष्टा व्हायची. निवृत्त झाल्यावरही कोणी विषय काढला की ते तासभर समजावत बसायचे आणि ऐकणारे एकेक करून उठून जायचे.

मी इंग्रजी माध्यमात शिकले, आता कोल्हापुरात एमएस्सी करते. संख्याशास्त्राच्या पेपरात मी एकदा नापास झाले होते. सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन आणि सेंट्रल लिमिट थिअरम ही दोन प्रकरणं मला तोंडपाठ होती. व्याख्या, सूत्र, सगळं. फक्त ते कशाबद्दल आहे ते कळत नव्हतं. वर्गात विचारायची माझी हिंमत नव्हती. मी कुठेच काही विचारत नाही. समोरचा थांबला की मान डोलावते, मग तो पुढे जातो. अशी मान डोलावत मी एमएस्सीपर्यंत आले. बाबांनी हे काकांना सांगितलं आणि काकांचा फोन आला, "बाय गो, दोन दिवस येवन जा. पुस्तक आणू नको."

पुस्तक मी आणलं होतंच. फोंडाघाटातून एसटी उतरेपर्यंत ते मांडीवर उघडं होतं. काकांनी ते काढून घेऊन फडताळावर ठेवलं आणि पडवीत गोणपाटाची एक पिशवी ओतली. खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांची रिकामी शिंपली, वर्षभर खाऊन जमवलेली. बहुतेक नखाएवढी बारीक, काही मध्यम आणि अगदी थोडी दोन बोटं रुंद. काकू दारातून म्हणाल्या, "ह्या घरात माणसांपेक्षा शिंपले जास्त झाले." काकांनी कोळशाने भिंतीवर एक आडवी रेघ मारली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि माझ्या हातात प्लास्टिकची पट्टी दिली.

आधी एकेक शिंपलं मोजून त्याचा ठिपका त्या रेघेवर द्यायचा. ठिपक्यांची डावीकडे गर्दी झाली आणि उजवीकडे एक लांब शेपटी. कुठल्याही बाजूने बघितलं तरी वेडंवाकडं. मग शेजारी दुसरी रेघ. आता मुठीत पाच शिंपली घ्यायची, पाचांची सरासरी काढायची, त्या सरासरीचा एक ठिपका. शिंपली परत पिशवीत टाकून हलवायची आणि पुन्हा पाच. मी दोन-तीन वेळा केलं आणि काकांनी माझं मनगट धरलं.

"तू निवडतंस."

"नाही काका."

"निवडतंस गो. हात सारखो मोठ्याक जाता. डोळे मीट."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी डोळे मिटले. चाळीस मुठी झाल्या. चाळीस ठिपके. आणि मधोमध एक लहानसा डोंगर उभा राहिला होता, दोन्हीकडे उतरता, जवळजवळ सारखा. काका मागे सरून त्याच्याकडे असे बघत होते जणू पहिल्यांदाच बघतायत. "शिंपल्यांचो आकार बघ नि ह्या ठिपक्यांचो बघ," ते म्हणाले. "शिंपले बदलले? नाय. वाकडे होते ते वाकडेच आसत. हो डोंगर शिंपल्यांचो नाय, मुठींचो. माका दर्यातलो प्रत्येक मासो कळूचो नाय. पण माझी मूठ कितकी चुकतली, ता कळता."

आज हे लिहिताना सोपं वाटतं. त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं की माझी बोटं काळी झाली आहेत, कमरेत कळ आली आहे आणि पुस्तकातलं सूत्र या भिंतीवर कुठेच नाही. मी सूत्राचं विचारलं तर ते म्हणाले, "येतला, येतला." दुसऱ्या दिवशी तिसरी रेघ, तिच्यावरही चाळीस ठिपके द्यायचे. आता मुठीत वीस शिंपली. वीस मोजा, बेरीज करा, भागा, एक ठिपका द्या. परत टाका, हलवा. पुन्हा वीस. काकांना मला काय दाखवायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, "बघ" एवढंच म्हणत राहिले. मला वाटतं शिकवणाऱ्या माणसाचा हा एक हट्टच असतो आणि तो मला अजूनही पटत नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. मीही एका वाक्यात विचारू शकले असते.

एकोणिसावा ठिपका दिल्यावर मी घड्याळात बघितलं. एसटीची वेळ होत होती. काकांनी विचारलं, "समाजला?"

मी मान डोलावली. "हो काका. समजलं."

त्यांनी भिंतीवरच्या अर्ध्या रेघेकडे बघितलं. "बरा तर," म्हणाले आणि कोळसा खिडकीत ठेवला.

पुढच्या आठवडाभरात साऱ्या आचऱ्याला कळलं की जे आमच्या शिकल्यासवरल्या लोकांना समजत नाही ते अनंताच्या पुतणीला दोन दिवसांत समजलं. बाबांना कळलं. किराणावाल्यालाही कळलं. आणि परीक्षेत मी लिहिलं, की जितके जास्त नमुने काढू तितका तो डोंगर अरुंद होतो. या वाक्याखाली लाल रेघ आली आणि मी दुसऱ्यांदा नापास झाले. मला वाटलं होतं ठिपके वाढवत नेले की डोंगर आपोआप बारीक होतो. तसं नसतं. ठिपके वाढले की डोंगर फक्त स्पष्ट दिसतो. तो अरुंद होतो मुठीतली शिंपली वाढली की, आणि निम्मा करायचा तर शिंपली चौपट लागतात. पाचाची वीस. म्हणजे ती तिसरी रेघ नेमकी त्याचसाठी होती. मी जिथून उठले तिथेच ते सूत्र येणार होतं.

निकाल मी काकांना कळवला नाही. फोनवर ते विचारायचे, "कधी येतंस? भिंत आसा तशीच आसा." मी म्हणायचे, अभ्यास आहे. भिंतीचं ते का सांगतायत हे मी विचारलं नाही. मग एका सकाळी बाबांचा फोन आला. काका आंघोळीला पाणी काढायला विहिरीवर गेले होते, तिथेच बसले आणि...

कार्य झालं. मी कोल्हापूरला परतले. तीन आठवड्यांनी काकूंच्या सोबतीला पुन्हा गेले तेव्हा काकांचा मुलगा संदेश पडवीत उभा होता. कसालहून चुना घेऊन आला होता, बादलीत कालवून झाला होता. बाबलकाका बाकावर बसून त्याला कुठून सुरुवात करायची ते सांगत होते. काकू मला म्हणाल्या, "बरा झाला इलंस. बघ गो, कितकी काळी झाली हा भिंत. मी किती येळा पुसूक गेलंय, पण हे हात लावूक देयत तर. मी म्हटलंय, अहो, तुमच्या पुतणेक समाजला मा? तर म्हणत, काम अर्धा रवला हा तिचा, येतली ती."

मी चपला काढल्या नव्हत्या. खिडकीत कोळसा होता, जिथे ठेवला होता तिथेच. शिंपल्यांची पिशवी बाकाखाली. भिंतीवर पाचांचा डोंगर आणि त्याच्या शेजारी ते एकोणीस ठिपके, मधेच सोडून दिलेले. म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. साऱ्या गावाला काका माझी हुशारी सांगत होते आणि भिंत माझ्यासाठी राखून ठेवत होते. मला त्यांचा राग आला. त्याहून माझा.

"गावभर मोजणी करून झाली," बाबलकाका म्हणाले, "आता भिंत तरी गोरी होवंदे. मार रे, संदेश."

संदेशने ब्रश बादलीत बुडवला. मी आजवर त्या घरात मालवणी कधी बोलले नव्हते. चुकेल म्हणून.

"थांब रे, संदेश," मी म्हटलं. "माका तेवा समाजला नव्हता. मी काकांका खोटा सांगलंय. अजून एकवीस ठिपके रवले... बाबलकाका, ती पिशवी घेवा. डोळे मिटून वीस काढा, निवडू नकात. मी मोजतंय."