गुडघ्याखालचा पंचा

"गुरुजी, हात लावा. झाली का कडक?"

संध्याकाळी मी शाळेतून आलो की शेजारच्या ड्रायव्हरांच्या ओट्यावरून ही हाक यायची. ते डावा पाय लांब करून बसलेले असत. गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी. गुडघा हळूच खाली दाबायचा, मांडी आवळून धरायची, हळूच सोडायची. औरंगाबादला गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी एवढंच शिकवलं होतं.

भोकरदनहून जालन्याला तुम्ही त्या काळी एस.टी.नं गेला असाल, तर त्यांची गाडी आठवेल. राजूरला बायका दुधाच्या चरव्या घेऊन चढायच्या. गाडी निघाली तरी थेंब सांडत नसे. "क्लच दाबणं सोपं, गुरुजी. सोडणं शिकावं लागतं." मग टपावर कुणाचं तरी पोतं चढवताना ते पडले. फुटली ती क्लचच्या पायाचीच वाटी.

"दगडासारखी झाली की!" त्यांची बायको आतून म्हणायची.

"तू गप. माझ्या हातच्या पिठल्यालाबी तू चांगलं म्हणल्ती. गुरुजी सांगतील."

मी तळहात ठेवायचो. मांडी भिजवलेल्या कणकेसारखी. "नाही."

"बराबर. मंग उद्या."

पावसाळा सरल्यावर डेपोतून तपासणीचं बोलावणं आलं. मी सोबत गेलो होतो. त्यांना उभ्या गाडीत बसवलं. क्लच अर्ध्यावर गेला आणि पाय थरथरू लागला. त्यांच्या जुन्या कंडक्टरनं तोंड फिरवलं. ड्रायव्हरकी तिथंच संपली.

तरी पंचा गुडघ्याखाली राहिलाच. का, ते मी विचारलं नाही.

थंडीतल्या एका संध्याकाळी माझ्या तळहाताखाली काहीतरी सावकाश उचललं गेलं, घट्ट झालं, घट्टच राहिलं.

"झाली," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

बायको दारात आली. त्यांनी पाय सोडला. नेहमीसारखा, हळूच.

"आता झाली व्हय," ते म्हणाले. "आता कुणाला पायजे, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी तो पंचा दोरीवर वाळत होता, पूर्ण उलगडलेला. उन्हाळ्यात ते आपल्या गावी गेले. तिकडेच वारल्याचं मला शाळेत कळलं.

अजूनही राजूरला गाडी निघताना हिसका बसतो. दूध सांडतं, बायका ड्रायव्हरच्या नावानं ओरडतात. माझा तळहात माझ्याच मांडीवर गेलेला असतो. ती कडक झालेली असते.